लिहिणारे यंत्र आणि आपले नवे संशोधक

नायगाव, परळ, लालबाग, वरळी या वस्त्यांमधून पीएच. डी. साठी नाव नोंदविणारी आपली मुले-मुली आज दिसू लागली आहेत, ही आनंदाची बाब आहे. परंतु त्यांपैकी बहुतेकांच्या घरात प्रबंध म्हणजे काय हे सांगणारे वडीलधारे कोणी नसते. मार्गदर्शक प्राध्यापकांची भेट महिन्यातून एखाद्या वेळी होते, ग्रंथालय संध्याकाळी बंद होते, आणि रात्री अकरा वाजता शंका आली तर उत्तर देणारे एकच साधन हाताशी उरते, ते म्हणजे मोबाईलमधील कृत्रिम बुद्धिमत्ता. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर जेमिनी, कोपायलट, क्लॉड अशी त्याच जातकुळीची अनेक यंत्रे आली. हे साधन वापरूच नका असे सांगणे सोपे आहे. ते कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते कसे वापरावे, कोठे थांबावे आणि हे मुलांना कोणी शिकवावे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम हे यंत्र करते काय ते समजून घेऊ. पुस्तके, वृत्तपत्रे, संकेतस्थळे यांतील प्रचंड मजकुरावरून त्याला मुख्यतः एक गोष्ट शिकविलेली असते, ती म्हणजे अमुक शब्द आले की त्यांच्या पुढे बहुधा कोणता शब्द येईल याचा अंदाज करणे. या अंदाजावर अंदाज रचत ते परिच्छेदच्या परिच्छेद लिहिते. पुढे माणसांना कोणते उत्तर आवडते हे पाहून त्याला आणखी घडविले जाते, आणि अलीकडे त्याला इंटरनेटवर शोध घेण्याची सोयही जोडलेली असते. तरीही मूळ स्वभाव बदलत नाही. ग्रंथपाल कपाटातून पुस्तक काढून देतो, तसे हे यंत्र काढून देत नाही. पुस्तक कसे दिसेल ते रचून दाखविते. पुष्कळदा रचलेले आणि खरे यांत फरक नसतो. जेथे असतो तेथे तो वाचणाऱ्याला कळत नाही, कारण दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने लिहिलेले असते.

संदर्भसूचीच्या बाबतीत हा धोका सर्वांत मोठा आहे. संदर्भाला ठरलेला साचा असतो. लेखकाचे आडनाव, वर्ष, लेखाचे शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठे. साचा भरणे हेच तर यंत्राचे काम. विषय सांगितला की त्या विषयात लिहिणाऱ्या खऱ्या अभ्यासकाचे आडनाव, खऱ्या नियतकालिकाचे नाव आणि कोणीही कधीच न लिहिलेला लेख, असे मिश्रण ते सहज तयार करते. नवशिक्या संशोधकाला ते खोटे वाटत नाही, कारण त्यातील निम्म्या गोष्टी खऱ्याच असतात.

ही भीती काल्पनिक नाही. न्यूयॉर्कच्या न्यायालयात जून २०२३ मध्ये वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला. त्यांनी चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले सहा निवाडे न्यायाधीशांपुढे ठेवले होते. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. फोर्टमध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयापुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये आयकराचे एक प्रकरण आले. कर आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्याने एका कंपनीचे उत्पन्न वाढवून सुमारे २७.९१ कोटी रुपये ठरविले होते, आणि त्यासाठी आधार म्हणून दिलेले तीन निवाडे शोधूनही सापडत नव्हते, कारण ते नव्हतेच. न्यायालयाने आदेश रद्द करून प्रकरण परत पाठविले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात यंत्राने दिलेले निष्कर्ष पडताळल्याशिवाय वापरू नयेत अशी समज दिली. ज्यांच्या हाती अधिकार, कचेरी आणि कायद्याची पुस्तके आहेत त्यांची ही स्थिती, तर शिष्यवृत्तीवर दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्याचे काय होईल? त्याचा प्रबंध मान्य झाल्यावर 'शोधगंगा' या संकेतस्थळावर ठेवला जातो आणि जगात कोणीही तो उघडून पाहू शकतो. खोटा संदर्भ तेथे त्याच्या नावावर कायमचा राहतो.

म्हणून माझी सूचना अशी की, नव्या संशोधकांना पहिला धडा व्याख्यानातून न देता प्रत्यक्ष करून द्यावा. यंत्राला आपल्या विषयावरचे दहा संदर्भ मागावेत आणि त्यांची यादी छापून घेऊन ग्रंथालयात जावे. आपण राहतो त्या भागात याची सोय उत्तम आहे. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, फोर्टमध्ये विद्यापीठाचे आणि सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथालय आहे, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. प्रत्येक संदर्भापुढे तीन खुणा करावयाच्या. असा लेख आहे काय? असल्यास त्यात यंत्र म्हणते ते खरोखर आहे काय? आणि त्या पृष्ठावर आहे काय? दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण लेख खरा असूनही त्यात भलतेच म्हटलेले असू शकते. एक दिवस मोडेल, पण हा दिवस मुले विसरणार नाहीत.

आपल्या वाचकांना जवळचा वाटेल असा एक प्रयोग सांगतो. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झाले आणि 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी. दोन्ही पत्रांच्या शीर्षभागी संतवचने असत. एकावर तुकारामांची, दुसऱ्यावर ज्ञानेश्वरीतील. ती नेमकी कोणती, हे यंत्राला विचारावे आणि मूळ अंकांच्या छापील प्रतिकृतीशी ताडून पाहावे. तसेच ६ डिसेंबरच्या आसपास मोबाईलवर बाबासाहेबांच्या नावाने जी वचने फिरतात त्यांतील पाच घ्यावीत, आणि महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या 'लेखन आणि भाषणे' या खंडांत ती सापडतात काय ते पाहावे. ज्या वचनाखाली खंड आणि पृष्ठ नाही, ते वचन कितीही गोड असले तरी प्रबंधात घेऊ नये. यंत्र येण्यापूर्वीही हा रोग होताच. यंत्राने त्याला वेग दिला एवढेच.

संशोधन कसे करावे याचा नमुना शोधण्यासाठी आपल्याला परदेशी मार्गदर्शिका धुंडाळण्याची गरज नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला आणि मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापला गेला. (यंत्र या दोन वर्षांची सरमिसळ करते काय, हेही पाहण्यासारखे आहे.) त्या वेळी त्यांचे वय पंचवीस होते, म्हणजे आजच्या पीएच. डी. च्या विद्यार्थ्याएवढेच. निबंधाच्या सुरुवातीस त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या एकेक करून मांडल्या, प्रत्येकीत काय कमी आहे ते दाखविले, आणि मग स्वतःचे म्हणणे सांगितले. पूर्वसूरींच्या लेखनाचा आढावा घेणे ते हेच. आजचा विद्यार्थी हे काम यंत्राला सांगतो, आणि यंत्र चारही व्याख्यांचा गुळगुळीत सारांश काढून 'सर्व अभ्यासकांचे योगदान मोलाचे आहे' असे लिहून मोकळे होते. त्या सारांशात भांडण नसते. ज्याने चारही लेखक वाचलेले नाहीत, त्याला भांडता येत नाही.

याच संदर्भात दुसरी एक गोष्ट. 'रुपयाचा प्रश्न' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि त्या प्रस्तावनेतच शिष्याची अनेक मते आपल्याला मान्य नाहीत असे सांगितले. तरी मांडणीचा ताजेपणा त्यांनी मानला. असा गुरू मिळणे भाग्याचे. यंत्र याच्या अगदी उलट वागते. त्याला हो ला हो करण्याची खोड असते. 'माझा निष्कर्ष बरोबर आहे ना?' असे विचारले की ते बहुधा बरोबर म्हणते, आणि 'हे चुकीचे वाटते' म्हटले की क्षमा मागून उलटे सांगते. एप्रिल २०२५ मध्ये तर चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती फार खुशामत करते म्हणून कंपनीलाच मागे घ्यावी लागली. तेव्हा मुलांना प्रश्न विचारण्याची रीत शिकवावी. माझ्या मांडणीवर कडक परीक्षक कोणते पाच आक्षेप घेईल, माझ्या विरुद्ध जाणारा पुरावा कोठे मिळेल, असे विचारले तर यंत्राचा खरा उपयोग होतो. आक्षेप खरे की पोकळ हे मात्र पुन्हा आपणच ठरवावयाचे.

यंत्राची मदत घेतली तर ती सांगावी काय? सांगावी, लपवू नये. १९४८ च्या 'अस्पृश्य' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी मोकळेपणाने लिहिले आहे की पुराव्याची साखळी जेथे तुटते तेथे आपण अनुमानाचा आणि कल्पनाशक्तीचा आधार घेतला आहे, आणि तसे करणे का योग्य आहे याची कारणेही दिली आहेत. पुरावा कोणता आणि अनुमान कोणते हे वाचकाला कळू देणे, यालाच प्रामाणिकपणा म्हणतात. त्याच धर्तीवर विद्यार्थ्याने एक साधी वही ठेवावी. कोणत्या तारखेला, कोणते यंत्र, काय विचारले, उत्तरातले काय घेतले आणि ते कशाशी ताडले. प्रबंधाच्या आरंभी चार ओळींत तसे नमूद करावे. केईएम किंवा टाटा रुग्णालयात संशोधन करणाऱ्या आपल्या मुलांनी हेही ध्यानात घ्यावे की, वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने मे २०२३ पासून यंत्राला लेखक म्हणून मान्यता नाकारली आहे, आणि त्याचा वापर उघड करण्यास सांगितले आहे. कारण सरळ आहे. लेखक म्हणजे जबाबदार माणूस, आणि यंत्राला जबाब देता येत नाही.

आता जो मुद्दा आपल्याला सर्वाधिक झोंबणारा आहे त्याकडे येतो. यंत्र ज्या मजकुरावर वाढले त्या मजकुरातली जात त्याच्यात उतरली आहे. 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या नियतकालिकाने ऑक्टोबर २०२५ मध्ये याची तपासणी प्रसिद्ध केली. रिकाम्या जागा भरण्याच्या १०५ वाक्यांपैकी ८० वाक्यांत चॅटजीपीटीच्या त्या वेळच्या नव्या आवृत्तीने जातीविषयीचा रूढ पूर्वग्रहच निवडला. म्हणजे विद्वान कोण आणि गटारे साफ करणारा कोण, हे तिने आपल्या ओळखीच्याच रीतीने सांगितले. त्याच वृत्तांतात एका दलित संशोधकाची हकिगत आहे. त्याने बंगळूरच्या एका शिष्यवृत्तीसाठी केलेल्या अर्जाचे इंग्रजी सुधारून मागितले, तर यंत्राने इंग्रजीबरोबर त्याचे आडनावही सुधारले. त्या जागी 'शर्मा' लिहिले! असे का झाले याचे स्पष्टीकरण त्या यंत्राच्या रीतीतच आहे. विद्वत्तेच्या अर्जाखाली कोणते आडनाव 'बहुधा' येते याचा अंदाज त्याने केला. त्यात द्वेष नव्हता, हे म्हणणे खरे असेल. पण शाळेच्या हजेरीपटापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत ज्यांनी हा अंदाज सोसला आहे, त्यांना त्याचे नवल वाटणार नाही. म्हणून आपल्या वस्तीवर, आपल्या लोकांवर यंत्राने काही लिहिले तर ते दुप्पट संशयाने वाचावे, आणि अर्ज, प्रबंध, पत्र काहीही त्याच्याकडून तपासून घेतले तरी शेवटचे वाचन अक्षरन् अक्षर स्वतः करावे.

लोकांच्या मुलाखतींवर काम करणाऱ्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले, यावर पुष्कळ विद्यार्थी आजही काम करतात. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या तोंडून तेथला इतिहास नोंदविणारा ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध केला, त्या वाटेने जाणे योग्यच आहे. पण डिलाईल रोडच्या चाळीतील एखादी वृद्ध बाई आपले कर्ज, नवऱ्याचे दारूचे व्यसन, मुलाचे पोलीस प्रकरण विश्वासाने सांगते, आणि विद्यार्थी ते ध्वनिमुद्रण जसेच्या तसे फुकटच्या यंत्रात टाकतो. ते कोणत्या देशातील संगणकावर जाते, किती दिवस राहते, पुढच्या यंत्राला शिकविण्यासाठी वापरले जाते काय, हे त्या बाईला कोणी विचारलेले नसते. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे, आरोग्य संशोधनातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. परंतु कायदा राहू द्या, विश्वास ही गोष्ट कायद्याच्या आधीची आहे. नाव, पत्ता, खोली क्रमांक, आजार, जात ओळखू येईल असे काहीही काढून टाकल्याशिवाय, आणि सांगणाऱ्याची समजून दिलेली संमती असल्याशिवाय मजकूर यंत्रात जाता कामा नये.

शिवाय ध्वनिमुद्रणाचे लेखन करणारी यंत्रेही मनचे घालतात. 'व्हिस्पर' नावाच्या अशा एका यंत्राची तपासणी अमेरिकेत झाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे एक टक्का तुकड्यांमध्ये कोणी न उच्चारलेली वाक्ये सापडली. बोलताना माणूस जेथे थांबतो तेथे हे अधिक घडते. एक टक्का म्हणजे थोडे वाटेल. पण दुःख सांगताना माणूस थांबतोच, आणि नेमक्या त्या जागी यंत्राने आपले वाक्य घातले तर साक्ष बिघडली.

एवढे सारे सांगून झाल्यावर दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला इंग्रजीत प्रबंध लिहावा लागतो. ज्यांच्या घरी पैसा आहे ते भाषा तपासून देणारा माणूस ठेवतात, आणि त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. मग हिने स्वतःचा विचार स्वतःच्या वाक्यांत लिहून यंत्राकडून व्याकरण नीट करून घेतले, तर तिच्याकडे संशयाने का पाहावे? अवघड इंग्रजी लेख मराठीत समजावून घेणे, संख्याशास्त्रातील सूत्राचा अर्थ पाच वेळा विचारणे, अर्जाचा मसुदा तपासणे, यासाठी हे यंत्र न चिडणाऱ्या शिकवणीसारखे आहे. न चिडणारी शिकवणी आपल्या वाट्याला कधी आली?

उलट प्राध्यापक मंडळींनाच एक गोष्ट सांगण्याची गरज आहे. मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने हे ओळखणारी म्हणून जी साधने मिळतात, त्यांच्यावर विसंबून कोणाला दोषी धरू नये. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी यंत्राचे ठरविले! साधी वाक्ये आणि मोजका शब्दसंग्रह हाच त्यांचा गुन्हा. चॅटजीपीटी काढणाऱ्या कंपनीने स्वतःचे असे साधन जुलै २०२३ मध्ये बंद केले, कारण ते नीट ओळखत नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. पण ते नियम दुसऱ्याच्या मजकुराशी असलेले साम्य मोजतात. यंत्राने नव्याने रचलेला मजकूर कशाशीच न जुळता सुखाने पार होतो. म्हणजे टक्का कमी आला म्हणून काम प्रामाणिक, असे मानण्यात अर्थ नाही. विद्यार्थ्याला समोर बसवून 'हा लेखक तू का घेतलास? त्याचे तुला काय पटले नाही?' एवढे विचारले तरी अर्ध्या तासात सत्य कळते.

हे सर्व शिकवावे कोठे? जागा तयार आहे. पीएच. डी. च्या विद्यार्थ्याला संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम घ्यावाच लागतो. मात्र त्याची आखणी २०१९ मधील, म्हणजे चॅटजीपीटीच्या तीन वर्षे आधीची आहे. प्राध्यापकांनी त्यातील चार-सहा तास वर सांगितलेल्या प्रयोगांना दिले तर कोणाची परवानगी काढावी लागणार नाही. ते होईपर्यंत आपल्या सोसायटीसारख्या संस्थांनी वाट का पाहावी? रविवारी सकाळी सभागृह रिकामेच असते. दोन संगणक, शासनाने काढलेल्या खंडांचा एक संच, पीएच. डी. पूर्ण केलेले एक-दोन ज्येष्ठ आणि आठ-दहा मुले एवढ्यावर वर्ग सुरू होतो. पहिल्या रविवारी संदर्भ ताडणे, दुसऱ्या रविवारी स्वतःच्या प्रकरणावर आक्षेप मागणे, तिसऱ्या रविवारी मुलाखतीतील नावे-गावे कशी झाकावीत ते पाहणे. चौथा रविवार मुलांच्या शंकांना द्यावा.

या वर्गात आणखी एक काम करून घेता येईल. मराठी विकिपीडियावर सुमारे एक लाख लेख आहेत, इंग्रजीवर सत्तर लाखांहून अधिक. यंत्राला मराठी कमी ठाऊक आहे, आणि त्या मराठीतही आपले फारच थोडे. चाळीतील समता सैनिक दलाच्या शाखा, जलशांची पथके, १९५६ नंतर निघालेली लहान लहान पत्रके, जयंती मंडळांचे जमाखर्च, आणि अशा सोसायट्यांच्या स्मरणिका, हे कोणत्याही यंत्राने वाचलेले नाही. ते आपल्या घरांतील माळ्यांवर आणि संस्थांच्या लोखंडी कपाटांत आहे. ज्या सभासदांकडे जुने अंक असतील त्यांनी ते रद्दीत न देता कार्यालयात आणून द्यावेत. प्रत्येकावर वर्ष, वस्ती आणि देणाऱ्याची नोंद करून सूची तयार करण्याचे काम संशोधक मुलांवर सोपवावे. परळ-लालबागवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला तिचे पुढचे प्रकरण त्या कपाटात सापडण्याचा संभव अधिक आहे.